सांगली माळाकडे कशी सरकली

सांगलीत प्लॉट घ्यायचा म्हटलं की हल्ली लोक आधी दर विचारतात, मग रस्त्याची रुंदी विचारतात आणि शेवटी एनए, म्हणजे बिगरशेती, झालाय का ते विचारतात. माझ्याकडे येणाऱ्यांत पुण्यात नोकरी करणारी पोरं असतात, निवृत्तीचे पैसे हातात आलेले शिक्षक असतात, द्राक्षाचा हंगाम चांगला गेलेले तासगावकडचे बागायतदारही असतात. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात झाली. त्यामुळे "साहेब, विश्रामबागेकडं घेऊ का कोल्हापूर रोडला? राहायला नको, नुसतं गुंतवणूक म्हणून" हा प्रश्न मला चुकत नाही. मी उलटा प्रश्न विचारतो: "आयर्विनला सत्तावन फूट होतं त्या दिवशी त्या गटात पाणी होतं का?"

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल. १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते तो खुला झाला. पावसाळ्यात सांगलीचा माणूस एकमेकाला पहिली चौकशी करतो ती "आयर्विनला किती?" अशीच. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सांगलीतल्या कुठल्याही जमिनीचा खरा भाव त्या आकड्याशी बांधलेला आहे, असं मी मानतो. ही गोष्ट २०१९ पासून सुरू झालेली नाही. ती दोनशे वर्षांची आहे आणि ती माहीत असेल तर प्लॉट निवडायला दुसऱ्या कुणाचा सल्ला लागत नाही.

१८०१ साली मिरजेच्या पटवर्धनांच्या घरात वाटणी झाली. चिंतामणराव अप्पासाहेब वेगळे निघाले आणि त्यांनी कृष्णाकाठचं सांगली हे लहानसं गाव राजधानीसाठी निवडलं. गणेशदुर्ग किल्ला बांधला, भोवती खंदक काढला, नदीच्या अंगाला गणपतीचं देऊळ उभं केलं. आज आपल्याला वाटतं, पुराच्या तोंडाशी कशाला गाव वसवलं? पण त्या काळी गावाला नळ नव्हता. पाणी, घाट, स्नानसंध्या, नावेतून होणारी ये-जा, काठची गाळाची जमीन, सगळं नदीपाशी होतं. नदीपासून दूर, माळावर राहायचं म्हणजे उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण.

आणि त्या लोकांना पूर कळत नव्हता असं समजू नका. गावभागातले, म्हणजे जुन्या सांगलीतले, वाडे मी मोजणीच्या निमित्तानं आतून पाहिले आहेत. जोतं छातीएवढं उंच. दारापुढच्या दगडी पायऱ्या मोजून घ्याव्यात इतक्या. धान्याची कोठी खाली कधीच नाही, ती माळ्यावर. माळ्याला जाड सागवानी तुळया, कारण चार दिवस सगळं घर, पिंपं, गाद्या, देव, सगळं वर न्यायचं असे. एका वाड्यात सोप्याच्या खांबावर चाकूनं कोरलेल्या आडव्या रेघा होत्या, एकावर एक. घरातल्या आजींनी सांगितलं, त्या त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनच्या, पाणी जिथवर आलं तिथवरच्या. सगळ्यांत वरची रेघ खडूची होती, ती २००५ ची. त्या घरानं पुराचा हिशोब असा खांबावर ठेवला होता. खालच्या मजल्यावर फरशी बसवून, फर्निचर करून, मोटारपंप आणि मीटर गुडघ्याएवढ्या उंचीवर लावून राहायची रीत फार नंतरची आहे.

त्या काळी सांगलीकर माणूस गुंतवणूक कशात करत असे? जमिनीच्या तुकड्यात नाही. तो ती हळदीत करत असे आणि ती हळद हरिपूरला जमिनीखाली असे. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेच्या संगमावरचं, संगमेश्वराच्या देवळाचं गाव, 'शारदा' नाटक लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. तिथली माती अशी, की खोल खड्डा खणला तरी पाझर फुटत नाही आणि भिंत ढासळत नाही. म्हणून तिथं पेवं झाली. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली पोट मोठं. आतून पाला, गवत, चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्षं गेली तरी हळदीला कीड नाही, वजनात फार घट नाही. पेव उघडायचं तर आधी तोंड मोकळं करून ठेवायचं, कारण आत साठलेल्या हवेनं माणूस गुदमरून मरतो. उतरणारे लोक ठरलेले असत आणि ते घाई करत नसत. भाव चढेपर्यंत माल पेवात ठेवायचा, भाव आला की काढायचा. सांगलीची हळदीची पेठ देशभर गाजली ती या साठवणुकीच्या जोरावर. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं.

पेवाची सगळी मदार एकाच गोष्टीवर होती: त्या जमिनीत पाणी जात नाही. २००५ च्या पुरात ते गेलं. हरिपूर आणि सांगलीवाडीच्या पेवांत पाणी शिरलं आणि कित्येकांची वर्षानुवर्षं सांभाळलेली हळद मातीमोल झाली. त्यानंतर माल गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला. पिढ्यान्‌पिढ्या खात्रीची मानलेली जमीनसुद्धा एका पावसाळ्यात विश्वास गमावू शकते, हे सांगलीच्या व्यापाऱ्यानं तेव्हा पाहिलं. प्लॉट घेणाऱ्यानं मात्र त्यातून काही घेतलं नाही, याची मला खंत आहे.

आता गावाच्या पूर्वेला चला. सांगलीहून मिरजेकडे जाताना जमीन हळूहळू चढते. नजरेला जाणवत नाही, पण लेव्हल लावली की कळतं. या मधल्या माळाला शेतकरी फारशी किंमत देत नसे. नदीकाठच्या मळ्याचा भाव वेगळा आणि या माळाचा वेगळा. या माळावर पहिली नजर गेली ती कुणा जमिनीच्या दलालाची नाही, एका डॉक्टरची गेली. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचं रुग्णालय उभं केलं. पुढे क्षयरोग्यांसाठी वेगळा दवाखाना काढायची वेळ आली. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. कोरडी हवा, ऊन आणि विश्रांती हाच उपचार. तो दवाखाना मिरज आणि सांगलीच्या मधल्या उंचवट्यावर झाला आणि भोवतालच्या वस्तीला वॉनलेसवाडी हे नाव पडलं. छातीच्या रोग्याला ओल चालत नाही. त्यामुळे ती जागा सगळ्यांत आधी कोरडी असावी लागली.

त्याच सुमाराला, १९१९ साली, डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेज सुरू केलं. पुण्यात फर्ग्युसन चालवणारी ही संस्था. तिनं दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलांसाठी कॉलेज काढताना ते सांगलीच्या पेठेत काढलं नाही आणि मिरजेच्या गावातही नाही; दोन्ही गावांच्या मध्ये, मोकळ्या माळावर काढलं. सांगली, मिरज, बुधगाव, जमखंडी, कुरुंदवाड अशा पटवर्धनी संस्थानांच्या मुलखात दोन्हीकडून पोरांना येता यावं ही सोय त्यात होतीच. मग १९४७ साली धोंडूमामा साठे यांनी त्याच पट्ट्यात न्यू इंजिनिअरिंग कॉलेज उभं केलं. १९५५ पासून ते वालचंद कॉलेज म्हणून ओळखलं जातं. दवाखाना, कॉलेज आणि इंजिनिअरिंग कॉलेज, तिघांनाही पन्नास-शंभर वर्षं एका जागी राहायचं होतं. दोन वर्षांनी दाम दुप्पट करून निघून जायचं नव्हतं. म्हणून त्यांनी जमीन पाहिली. सांगलीत प्लॉट निवडायचा असेल तर या तिघांची नजर उसनी घ्यावी, असं मी प्रत्येकाला सांगतो.

उत्तरेला माधवनगरची कथा वेगळी. ते बुधगावकर पटवर्धनांच्या हद्दीतलं, तिथल्या माधवरावांच्या नावाचं. सांगली संस्थानच्या वेशीला लागून दुसऱ्या संस्थानची व्यापारी वसाहत. पुढे तिथं कापडगिरणीही झाली. तिथली जमीन हद्दीमुळे वधारली, उंचीमुळे नव्हे. हद्दी १९४८ ला संस्थानं विलीन झाल्यावर पुसल्या गेल्या. उंची मात्र आहे तिथंच आहे.

१९४९ ला दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला, सांगली त्याचं ठाणं झालं. १९६० ला जिल्ह्यालाच सांगली नाव मिळालं. ठाणं झालं की कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर बदलीवरचे नोकरदार आले. वसंतदादांचा साखर कारखाना उभा राहिला, कुपवाडला औद्योगिक वसाहत झाली. राहायला जागा पुरेना. कॉलेजांच्या भोवती प्राध्यापकांचे बंगले, मग शासकीय वसाहत, मग सहकारी गृहनिर्माण संस्था, अशी विश्रामबाग भरत गेली. सरळ रस्ते, सोडलेली मोकळी जागा, मंजूर रेखांकन. नोकरीच्या सुरुवातीला मी त्या बाजूच्या मोजण्या शंकुसाखळीनं केल्या. तेहतीस फुटांची साखळी, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. पहार मारली की थोड्याच खाली मुरूम लागायचा आणि हद्दीचा दगड एकदा पुरला की हलत नसे.

दक्षिणेला आणि पश्चिमेला, कोल्हापूर रोड आणि हरिपूरच्या बाजूला, वेगळंच चाललं होतं. शामरावनगरकडची जमीन काळी, खोल आणि सखल. ऊस उत्तम यायचा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतीचे बारीक तुकडे विकायला बंदी होती. पण हमालाला, गिरणीकामगाराला, रिक्षावाल्याला विश्रामबागेचा भाव परवडणार कसा? मग शेतमालक दोन-दोन, तीन-तीन गुंठे साध्या स्टँपवर लिहून देऊ लागला. मंजूर रेखांकनात रस्ते जातात, खुली जागा सोडावी लागते, त्यामुळे एकरात विकायला गुंठे कमी उरतात. इथं रस्ता बैलगाडीएवढा आणि खुली जागा शून्य; सगळे गुंठे विकायला मोकळे. याचंच नाव गुंठेवारी. तिला नुसती फसवणूक म्हणून मी हिणवणार नाही. ज्याला गावात घर मिळणं शक्य नव्हतं त्याला तिनं डोक्यावर छप्पर दिलं. पण जमीन काय आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि ते सांगणं ज्यांचं काम होतं त्यांनीही सांगितलं नाही.

त्या बाजूची मेमधली एक मोजणी मला लख्ख आठवते. तिघा भावांची पोटहिस्सा मोजणी होती. रानात भेगा अशा, की हात मनगटापर्यंत आत जाई. आम्ही दगड पुरला. पावसाळा संपल्यावर हरकतीवरून फेरमोजणीला गेलो तर दगड कलला होता, जमीन फुगून परत बसली होती. शेजारी कुणीतरी नव्यानं घर बांधलं होतं. जोतं दीड-दोन फूट, खिडकीच्या कोपऱ्यापासून पायापर्यंत तिरकी चीर गेलेली. आजूबाजूच्या रिकाम्या प्लॉटांत गुडघाभर पाणी आणि त्यात बेडूक. नदीला त्या साली पूर नव्हता. ते नुसतं पावसाचं पाणी होतं, त्याला जायला वाट नव्हती. घरमालक मला म्हणाला, "साहेब, उतारा कधी होईल माझ्या नावावर?" त्याची सगळी काळजी कागदाची होती. मी त्याला चीर दाखवली. तो म्हणाला, "ते सिमेंट भरून घेतो."

कागदाचं पुढे झालं. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, २०२१ ला त्याची मुदत वाढवून डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं आत घेतली. शुल्क भरलं, कागद मिळाला, बँक कर्ज द्यायला लागली. हे योग्यच झालं. लोकांना घराचा हक्क मिळाला. पण नियमित झाला तो कागद. जमिनीची पातळी इंचभरही वर आली नाही, आणि विकणाऱ्यानं मात्र 'आता सगळं क्लिअर आहे' म्हणून भाव वाढवून घेतला.

पूर शहरात कसा येतो हेही समजून घ्यायला हवं. बहुतेकांना वाटतं, नदी काठ ओलांडून रस्त्यानं चालत येते. तसं फार उशिरा होतं. आधी ती नाल्यांतून उलटी शिरते. शेरीनाल्यासारखे ओढे एरवी शहराचं पाणी नदीला देतात. नदी चढली की तेच ओढे नदीचं पाणी शहरात आणतात. म्हणून दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट या वस्त्यांत पाणी पहिलं येतं आणि नदी प्रत्यक्ष दिसतही नसते. प्लॉटवर उभं राहून "नदी लांब आहे की" म्हणणाऱ्याला मी विचारतो, ओढा किती लांब आहे? हल्ली ओढे सापडतही नाहीत. जुन्या गावनकाशावर ते ठळक दाखवलेले आहेत. जागेवर जावं तर भराव टाकून वर प्लॉट पाडलेले. नकाशावरचा ओढा बुजवता येतो, पाण्याचा उतार बुजवता येत नाही.

२००५ ला आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा लोक म्हणाले शतकातून एकदा होतं. चौदा वर्षांनी ५७ च्या वर गेलं. दोन वर्षांनी, जुलै २०२१ ला, पुन्हा ५४ च्या पुढे. अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर, कोयना धरणाच्या विसर्गावर वाद झाले, होत राहतील, ते करावेतही. पण २०१९ ला मारुती रोड, हरभट रोड, गणपती पेठ, कापडपेठ, खणभाग, शामरावनगर पाण्याखाली असताना विश्रामबागेत लोक पूरग्रस्तांसाठी भाकऱ्या भाजत होते, कॉलेजं आणि मंगल कार्यालयं उघडून गावभागातल्या लोकांची सोय करत होते. पाणी ओसरल्यावर मी पेठेत फिरलो. दुकानांच्या फळ्यांवर चिखलाची रेघ एकाच उंचीवर, सगळ्या रस्त्याला सरळ, जणू लेव्हल लावून ओढलेली. त्यानंतर पेठेतल्या अनेक व्यापाऱ्यांनी दुसरं दुकान किंवा गोदाम वरच्या बाजूला घेतलं. जिल्हाधिकारी कार्यालय आणि न्यायालय विजयनगरला, मिरज रस्त्यावर गेलेलीच आहेत. संस्थानिकानं राजवाड्याभोवती जमवलेलं गाव असं एकेक करून माळाकडे सरकलं.

मग आज काय करायचं? विश्रामबागेत घेतलं की झालं, असं मी म्हणत नाही, आणि इथंच लोक चुकतात. 'विश्रामबाग' हे नाव आता जाहिरातीत फार लांबपर्यंत ताणलं जातं. धामणी रोडनं दक्षिणेला जात राहा. कृष्णा हरिपूरपासून वळून अंकलीकडे जाते, म्हणजे त्या रस्त्यानं तुम्ही माळ उतरून पुन्हा नदीकडेच चाललेले असता. पत्ता विश्रामबागेचा, पातळी नदीकाठची. शंभर फुटी रस्त्याचंही तेच: एका टोकाची जमीन आणि दुसऱ्या टोकाची जमीन सारखी नाही. नागपूर-रत्नागिरी महामार्गामुळे अंकलीच्या बाजूला भाव धावले. रस्ता चांगला झाला म्हणून तिथला पूर कमी होणार नाही. उलट कुपवाड, वॉनलेसवाडी, विजयनगरच्या वरच्या अंगाला जाहिरातीत न बसणारे प्लॉट आहेत, उन्हाळ्यात पाण्याची थोडी ओढ असते, पण घर कोरडं राहतं. भाडेकरूही आता आधी तेच विचारतो. २०१९ पाहिलेला माणूस सखल भागात तळमजला भाड्यानं घ्यायला राजी नसतो, हे दरात कुठं लिहिलेलं नसलं तरी रिकाम्या खोल्यांत दिसतं.

पाटबंधारे खात्यानं आखलेल्या दोन पूररेषा आहेत. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. तिच्या आत घर बांधायला परवानगी नाही. लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची. दोन्हींच्या मध्ये अटी घालून बांधकाम होतं. ज्याला जागा दाखवायला आणलं जातं त्याला या रेषा दाखवत नाहीत. तुम्ही मागा. महापालिकेच्या नगररचना विभागात जा, गट नंबर सांगा, तो निळीच्या आत पडतो की लालच्या, ते लेखी घ्या. भूमी अभिलेखातून जुना गावनकाशा काढा आणि ओढ्याची रेघ शोधा. मग जागेवर जा, पण रविवारी दुपारी एजंटच्या गाडीतून नव्हे; ऑगस्टमध्ये, दोन दिवस पाऊस लागून राहिल्यावर, स्वतःच्या पायानं. शेजारच्या घरातल्या बाईला विचारा, २०१९ ला किती दिवस बाहेर होता? तिला खोटं बोलायचं काही कारण नाही. एवढं होईपर्यंत कुणी कितीही घाई केली, उद्या भाव वाढणार म्हणून सांगितलं, तरी विसाराचा एक रुपया हातावर ठेवू नका.